दादूसची पाचर

मशीनला ‘जा’ म्हणायचं नाही, असा आमच्या दादूसचा दंडक होता.

घरातून निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणू नये, ‘जाऊन ये’ म्हणावं, हे मलाही लहानपणी शिकवलं होतं. पण हा नियम कॉम्प्युटरला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बरं, नुसता तोंडाने लावला असंही नाही. आमच्या मशीनला त्याने खरोखरच ‘जाऊन ये’ समजायला शिकवलं होतं. तुम्ही चुकून ‘जा’ लिहिलंत की मशीन खडखड करत कागदावर छापून द्यायचं: ‘असा बोलू नये.’

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगांच्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, तेव्हा नवी मुंबई इतकी नवी होती की पत्ता सांगितला तर टॅक्सीवाला मलाच रस्ता विचारायचा. वाशीला आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. दूध आणायला निघालं की वाटेत एखादा साप भेटायचा, आणि दोघंही आपापल्या कामाला निघून जायचो.

कारखान्यातली सगळ्यात थंड खोली कॉम्प्युटरची. तिथे मी, दादूस आणि आमचे प्रमुख सबनीससाहेब. दादूसचं खरं नाव जनार्दन मढवी. राहणार घणसोली गाव. दादूस म्हणजे आगरी बोलीत दादा. गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला दादूस म्हणायचे आणि तो सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. सबनीससाहेबांनासुद्धा. “सायेब, तू बस, मी बगतो,” असं त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा साहेब उभे होते ते आणखी ताठ उभे राहिले. पुढे बसायला लागले.

माणूस बुटका, गोल, गळ्यात मफलर. मफलर थंड खोलीसाठी. डब्यात रोज तळलेले बोंबील. मशीन विकणाऱ्या कंपनीने बजावून ठेवलं होतं की खोलीत धूळ नको, धूर नको, चपला नकोत. बोंबलाबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि दादूस लिहिलेल्या नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही.

तो या खोलीत आला कसा, तर कारखान्यात घरची जमीन गेली म्हणून. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. दादूस मॅट्रिक होता, त्यामुळे आधी गेटवर, मग टायपिंगवर. मशीन आलं तेव्हा शिकायला कोणी जाईना. अधिकारी म्हणाले, याला पाठवा, नाहीतरी काय बिघडतंय! दादूस पंधरा दिवस शिकून आला आणि त्यानंतर कारखान्यात ते मशीन समजणारा तो एकटाच उरला. माझ्या हातात कॉलेजची पदवी होती. मशीनला ती दाखवता येत नव्हती.

आता थोडं शहाणपण सांगतो, लगेच संपेल. तेव्हा आम्ही प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचो. एक कार्ड, एक ओळ, ओळीला नंबर. हुकूम इंग्रजी वळणाच्या भाषेत. मशीनला ती भाषा कळत नाही, म्हणून मध्ये कंपायलर नावाचा एक दुभाषा असतो. आपण लिहिलेलं तो मशीनला त्याच्या भाषेत सांगतो. हा दुभाषा मोठा कडक. स्वल्पविराम चुकला तरी पानभर शिव्या.

दादूसचं या दुभाष्याशी पहिल्या दिवसापासून फाटलं. “बग तांबे,” तो मला म्हणाला, “यो सांगतंय ‘गो टू पन्नास’. आदी ‘जा’ सांगतंय, मंग कुठं ते सांगतंय. तवर मानूस चपला घालून दारात उभा नाय राहिला?”

“अहो दादूस, पण कंपायलरला तसंच लागतं.”

“कंपायलर काय देव हाय का? मानसानंच लिवलाय ना?”

आणि मी येण्याआधीच त्याने वर्षभर खपून एक गठ्ठा तयार केला होता. सहा-सातशे कार्डांचा, मासे पकडायच्या जाळ्याच्या सुतळीने बांधलेला. हा गठ्ठा आधी मशीनला भरवायचा, त्यामागून आपला प्रोग्रॅम. मग कंपायलरच्या आधी दादूसचा गठ्ठा आपली ओळ वाचणार, तिची उलटीपालट करणार आणि इंग्रजी करून कंपायलरच्या हातात देणार. कंपायलरला पत्ताच नाही! एवढं झालं की तुम्ही खुशाल लिहा: ‘जर पिंपं १०० हून कमी असतील तर ५० ला जाऊन ये.’ क्रियापद शेवटी, जिथे आपलं असतं तिथे. मशीन फक्त इंग्रजी अक्षरं ओळखायचं, त्यामुळे मराठी त्या अक्षरांत टाइप करायची, एवढीच अडचण.

या गठ्ठ्याला दादूस पाचर म्हणायचा. लाकूड फाटत नाही तेव्हा बारीकशा फटीत ठोकतात ती. सबनीससाहेब तिला ‘एक्स्पेरिमेंट’ म्हणायचे, आणि हा शब्द उच्चारताना डबा उघडल्यासारखं नाक आवळायचे.

पण चालत होती. एकदा साहेब एक परदेशी मासिक घेऊन आले. तिकडच्या मोठमोठ्या पंडितांचं म्हणणं पडलं होतं की प्रोग्रॅममध्ये ‘गो टू’ वापरू नये, त्याने सगळा गुंता होतो. साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. दादूसने मफलर सारखा केला.

“त्यांच्या बी आयांनी शिकवला असंल,” तो म्हणाला.

पाचरेत आणखी एक गंमत होती. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये काही ओळी मशीनसाठी नसतात. त्या माणसांसाठी असतात, हे असं का केलं, ते तसं का केलं, हे सांगणाऱ्या. मशीनने त्या ओलांडून पुढे जायचं. त्यासाठी ओळीच्या आधी काहीतरी खूण करावी लागते. इंग्रजीत नुसता ‘सी’. दादूसची खूण होती ‘बरं का’. त्याच्या बोलीत ‘बरा का’. इंग्रजी अक्षरांत बी-ए-आर-ए-के-ए. ओळीची पहिली सहा अक्षरं ही असली की पाचर समजायची, हा नुसता गप्पांचा कार्यक्रम आहे, आणि ओळ सोडून द्यायची. मधली मोकळी जागा ती धरत नसे.

दादूसच्या प्रोग्रॅममध्ये या ‘बरं का’ ओळी ढीगभर. मी त्यातली एकही कधी वाचली नाही. मशीन वाचत नाही ते मी कशाला वाचू? तेवीस वर्षांच्या माणसाला वाचायला दुसरंही बरंच असतं.

आणखी एक सवय. संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळे बस पकडायला पळायचो आणि दादूस प्रिंटरकडे जायचा. प्रोग्रॅमचा छापलेला गठ्ठा, तो हिरव्या पट्ट्यांचा रुंद कागद, घडी घालून काखेत मारायचा आणि चालत घणसोलीला. सकाळी हात मोकळे. रोज एवढा कागद जातो कुठे, यावर कँटीनमध्ये परिसंवाद झाले. “सुकट बांधायला नेतो,” असा निकाल मी दिला. सगळे हसले. मीही हसलो. तो विनोद मला पुढे फार दिवस पुरला, म्हणजे नको इतके दिवस.

आता माझा पराक्रम.

वर्ष होत आलं तसं मला वाटायला लागलं की पाचरेत आपलंही एक बोट असावं. दादूसची भाषा आकडे आकड्यांतच मागायची, १०, १५ असे. मी म्हटलं, आकडे अक्षरांत का नकोत? दहा, अकरा, वीस! किती मराठमोळं वाटेल!

“कनाला?” दादूस म्हणाला. कनाला म्हणजे कशाला.

“सोय, दादूस.”

“कनाची सोय? आकरा दिसतंय ना डोल्यांना?”

तरी त्याने मला करू दिलं. मी चाळीसेक कार्डं लिहिली आणि ‘दहा पिंपं’, ‘पंधरा ट्रक’, ‘वीस पाट्या’ अशी परीक्षा घेतली. मशीनने निमूट सगळं ऐकलं. मी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात दादूसच्या पुतण्याची हळद निघाली. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. दादूस तीन दिवस रजेवर गेला आणि जाताना पुढच्या आठवड्याचं पाळीपत्रक माझ्यावर सोपवून गेला. कोणत्या पाळीला कोणत्या खात्यात किती माणसं, हे मशीन ठरवायचं, छापायचं, आणि तो कागद गेटवरच्या फळ्यावर लागायचा. त्यात एक ओळ होती: ‘मोथिकला १२ कामगार लाव.’ हे मोथिक म्हणजे पॅकिंग खातं. मशीनमध्ये कुठल्याही नावाला सहाच अक्षरं मिळायची, त्यामुळे दादूसने खात्यांना विचित्र नावं दिली होती. मोथिक, वांगन, जांभू. मोथिक हे मला एखाद्या रसायनाचं नाव वाटायचं. वांगनवर मी एकदा वांग्याचा विनोदही केला होता.

दादूस बजावून गेला होता, “हाय तसाच चालव.”

मी ती ओळ सुधारली. बाराला मान देऊन पुढे आणलं. ‘बारा कामगार मोथिकला लाव.’ काय ऐट होती ओळीला! मशीनने एकही चूक दाखवली नाही. शनिवारी कागद फळ्यावर लावला आणि वाशीला जाऊन सुखाने झोपलो.

सोमवारी सकाळी पॅकिंगमध्ये माणूस नाही. एक नाही, दोन नाही, बाराच्या बारा गायब. बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग, आत पिंपांचे डोंगर. फळ्यावर नाव नाही म्हणजे सुट्टी, हे कामगारांनी बरोबर ताडलं होतं. चौघं दिवाळे गावच्या खाडीवर मासेमारीला गेले होते. बाकीचे घरी पाय पसरून बसले होते. शेवटी मॅनेजर, दोन अकाउंटंट आणि आमचे सबनीससाहेब असे चौघं पिंपं लोटायला लागले. त्यातलं एक गळकं होतं. साहेबांची पांढरी सफारी गुडघ्यापासून खाली निळी झाली, आणि आमचा रंग धुतल्यावर जात नाही अशी आमचीच जाहिरात होती.

साहेब त्याच पायांनी थंड खोलीत आले. दादूस हळदीहून नुकताच कामावर आला होता, कानामागे अजून पिवळं होतं.

“मढवी! हे तुमच्या त्या पाचरेचं काम!”

दादूसने पाळीपत्रक पाहिलं. मोथिकसमोर कोरं. मग त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“व्हय सायेब,” तो म्हणाला. “पाचर माझीच हाय.”

“पुढच्या सोमवारपर्यंत चूक शोधून दाखवा. नाहीतर तो गठ्ठा रद्दीत. मला मशीन इंग्रजीत हवंय.”

मी एअरकंडिशनरचं निरीक्षण करत होतो. इतकं मन लावून मी कॉलेजातही काही पाहिलं नव्हतं.

चूक मला मंगळवारी दुपारी सापडली. कँटीनमध्ये वडा खात मी ते कार्ड उजेडाला धरून एकेक अक्षर वाचत होतो. बी, ए, आर, ए, के, ए... आणि वडा जिथे होता तिथेच थांबला. ‘बारा का’! पाचरेने माझ्या ऐटदार ओळीची पहिली सहा अक्षरं पाहिली होती, ‘बरा का’ असं वाचलं होतं आणि म्हटलं होतं, चला, गप्पा सुरू झाल्या. बारा कामगारांचे तिने ‘बरं का, मगार’ केले होते, आणि मगार मोथिकला लागला काय, न लागला काय, मशीनला काय त्याचं!

उठून साहेबांकडे जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. वीस पावलं. पण माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, महिन्याभरात व्हायची होती. मी स्वतःला समजावलं की दादूस हुशार आहे, त्याला सापडेलच. बुधवारी समजावलं. गुरुवारी समजावलं. गुरुवारी त्या बारा जणांतला एक जण कोलंबीची पिशवी घेऊन आला आणि दादूसला म्हणाला, “दादूस, मस्त सुट्टी झाली! दर सोमवारी असाच मशीन चालव.” दादूसने पिशवी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तांबे, तू खातंस ना कोलंबी?”

शनिवारपर्यंत माझं समजावणं संपलं. सोमवारी पाचर रद्दीत जाणार होती आणि ती माझ्यामुळे जाणार होती. रविवारी सकाळी मी घणसोलीला गेलो.

गावठाणात घराला घर चिकटलेलं. गल्ली इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. मी एकदा शिरलो. तिथल्या बाईने मला मढव्यांचं घर दाखवलं. ओटीवरून दादूसचा आवाज येत होता. काहीतरी वाचत होता. मी भिंतीआड थांबलो, कारण जे बोलायचं होतं त्याची पहिली ओळ अजून जुळत नव्हती.

“...बरा का आये, सकालपाली आता मोठीखारीत. जिकरं आपला उंबर व्हता, तिकरं ट्रक वजन करायचा काटा बसवलाय.”

“हं,” म्हातारीचा आवाज.

“‘जर पिंपा शंभराच्या वर असतील, तर मोठीखारीला बारा मानसा लाव.’”

“बारा? लावनीला आपल्याला बी बाराच लागायची,” म्हातारी म्हणाली. “फुरं.”

फुरं म्हणजे पुढे. पण मी पुढे जाऊ शकलो नाही. मोथिक! मोठीखार! रसायन कसलं, ते शेत होतं. इंग्रजी अक्षरांत सहाच्या पुढे कापलेलं. वांगन हेही शेत, जांभू म्हणजे जांभूळखाचर. आमचा कारखाना ज्यांच्यावर उभा होता, ती त्यांची भातशेतं. आणि काखेतला तो हिरव्या पट्ट्यांचा कागद, तो इथे यायचा. सुकट बांधायला नव्हे.

मी खोकलो. दादूसने चष्म्यावरून पाहिलं. त्याची आय पाय पसरून बसली होती, पुढ्यात कोलंबी सोललेली. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“ह्योच का मगारवाला?” तिने विचारलं.

माझी पहिली ओळ न जुळताच निकालात निघाली.

“तुम्हाला कळलं होतं?” मी दादूसला विचारलं.

“मना नाय. आयेनं पकरला. सोमवारीच.” दादूस जरा अभिमानानेच म्हणाला. “मी तिला मशीन कसा वाचतंय ते वाचून दाखवत व्हतो. ‘बरा का, मगार मोठीखारीला लाव.’ तर ही बोलली, यो मगार कोन? आपल्यात मगार नाय.”

“मग साहेबांना का नाही सांगितलं?”

“तुझी नोकरी कायम व्हायची हाय ना? माझी जमिनीवरची नोकरी. ती कोन काढनार? जमीन परत द्यावी लागंल त्यांना.” आणि तो स्वतःच्याच विनोदावर मफलर हलेपर्यंत हसला. हो, मफलर घरीही होता.

“पण पाचर जाईल, दादूस.”

तेव्हा मात्र तो हसायचा थांबला. कागदाच्या कडेची भोकं अंगठ्याने चाचपत बसला.

“मशीनवर गेलो तवा ही रोज विचारायची, तिकरं काय करतंस, आपल्या जागंवर काय चाललाय? मी एक दिवस कागूद आनून वाचला. ‘इफ’, ‘गो टू’, सगला. ही उठून आत गेली.”

“मंग काय करू?” आय कोलंबीच्या डोक्याशी झटापट करत म्हणाली. “जमीन घेतली तवा बी सायबानं कागूद असाच वाचला. आमी आपला हं हं केला नि आंगठा दिला.”

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता.

“म्हनून ठोकली पाचर,” दादूस म्हणाला. “तवापासून आयकते.”

आयेने मला एक पाट सरकवला आणि कोलंबीचं अर्धं टोपलं माझ्यापुढे ढकललं. “बस. सोल. तोंडानं काय बोलतंस?”

सोमवारी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आकडे अक्षरांत मी आणले, ओळ मी सुधारली, चूक मंगळवारीच मला सापडली होती आणि मी सहा दिवस गप्प बसलो. साहेबांनी ते कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

“मगार,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“माझी सफारी या मगारामुळे गेली.”

“हो साहेब.”

“नोकरी राहील तुमची. पण पाचर बंद. चूक मढवींची नसली तरी ‘बारा’ आणि ‘बरं’ यांत फरक न कळणाऱ्या मशीनवर मी कारखाना चालवणार नाही. सगळे प्रोग्रॅम इंग्रजीत करायचे, आणि ते तुम्ही करायचे, तांबे. एकट्याने.”

साहेबांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. दादूसने पाचरेच्या गठ्ठ्याची सुतळी घट्ट केली, तो टेबलाच्या खणात ठेवला आणि जेवायला बसला. बोंबील तसेच परत नेले. त्या संध्याकाळी पाच वाजता तो प्रिंटरकडे वळला नाही. रिकाम्या हातांनी चालत गेला. दुसऱ्या दिवशीही.

मी दीड महिना खपलो. ‘जाऊन ये’ची इंग्रजी केली, ‘लाव’ची केली, ‘असतील तर’ची केली. आणि हे करताना दादूसच्या ‘बरं का’ ओळी मला पहिल्यांदाच वाचाव्या लागल्या. ‘बरा का आये, आज कँटीनमदी वालाची भाजी व्हती, तुज्यावानी नाय.’ ‘बरा का आये, वांगनीतल्या विहिरीवर आता पंप हाय, पानी अजून गोरच हाय, खारट नाय.’ ‘बरा का आये, नवीन पोऱ्या आलाय, तांबे नावाचा. डोका हाय, पन घाई मोटी.’ ही शेवटची मी तीनदा वाचली.

मी साहेबांकडे गेलो. “साहेब, मशीन जे वाचत नाही, त्या ओळींचं काय करायचं?”

साहेबांनी वर पाहिलं नाही. पायांत अजून तीच सफारी होती, निळी. मागाहून कळलं की त्यांनी ती बदलायचं नाकारलं होतं. म्हणत, नमुना आहे.

“मशीन वाचत नाही ना? मग मीही वाचत नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला काय ठेवायचं ते ठेवा.”

इंग्रजीत त्या खुणेला नुसता ‘सी’ लागतो. मी प्रत्येक ओळीपुढे एक ‘सी’ लावला आणि त्यामागे सगळं होतं तसं राहू दिलं. एक अक्षर सुधारलं नाही. हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

शेवटचा प्रोग्रॅम चालला त्या शनिवारी पाच वाजता मी कागदाचा गठ्ठा छापून दादूसच्या हातात दिला. त्याने वरचं पान पाहिलं, मला पाहिलं, आणि गठ्ठा काखेत मारला.

“उद्या ये,” तो म्हणाला. “कोलंबी हाय.”

रविवारी मी पाटावर बसून सोलत होतो. दादूस वाचत होता. माझी इंग्रजी आली की तो अंगठ्याने पान उलटायचा, दुसरं उलटायचा, ‘सी’ दिसला की थांबायचा आणि वाचायचा. उंबर, काटा, विहीर, वालाची भाजी. माझा दीड महिना फर्रकन त्याच्या अंगठ्याखालून जात होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

आय बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “जना, आता कसा बरा लिवतंस. आगोदर मदी मदी जल्ला कामाचाच असायचा.”

दादूसने माझ्याकडे पाहिलं. मी कोलंबीकडे पाहिलं.

“फुरं,” आय म्हणाली.